उमरावाचा हेतू आणि सात वर्षांचा मजूर

दर वर्षी १० जून, म्हणजे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली तो दिवस, जवळ आला की तोच वाद नव्यानं पेटतो. एक बाजू सांगते, रविवारची सुट्टी मिळाली ती गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे, बाकी सगळ्या थापा. दुसरी बाजू म्हणते, सुट्टी काय नि कामाचे तास काय, सगळं इंग्रजांच्या कायद्यानं आलं, लोखंडे नसते तरी आलंच असतं. मग तिसरा कुणीतरी येतो आणि सांगतो की इंग्रजांना कसला आलाय कामगारांचा कळवळा? इंग्लंडातल्या लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरकडच्या, गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्या बुडवायच्या होत्या, म्हणून त्यांनी फॅक्टरी ॲक्ट, म्हणजे कारखान्यांतल्या कामाचा कायदा, आणला. इथं वाद थांबतो. हेतू वाईट ठरला की कायदाही वाईट ठरला, पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं सगळ्यांनीच धरून ठेवलेलं असतं. मला नेमकं हेच गृहीत चुकीचं वाटतं, आणि ते फार महागात पडलेलं आहे. १८७५ ते १८८१ या सहा वर्षांत मुंबईतल्या शहाण्यासुरत्या लोकांनी याच गृहीतकाच्या आधारावर सात-आठ वर्षांच्या मुलांना गिरणीत राहू दिलं.

या वादात एका माणसाचं नाव क्वचितच निघतं. अँथनी ॲशली-कूपर, शाफ्ट्सबरीचा सातवा अर्ल. वडील जिवंत होते तोवर, म्हणजे १८५१ पर्यंत, तो लॉर्ड ॲशली या नावानं ओळखला जाई आणि हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसे. नंतर शाफ्ट्सबरी म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहात. लंडनच्या पिकॅडिली सर्कसला पंखवाल्या तिरंदाजाचा पुतळा आहे, त्याच्यापुढे उभं राहून आपली कितीतरी माणसं फोटो काढून घेतात. १८९३ मध्ये बसवलेलं ते कारंजं याच माणसाचं स्मारक आहे. माझं म्हणणं असं की या उमरावाचा हेतू निर्मळ नव्हता हे मान्य करूनही मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला लोखंड्यांच्या शेजारी जागा द्यायला हवी. कायद्याची पारख तो आणणाऱ्याचं पोट फाडून होत नाही. तो ज्याच्या अंगावर पडतो, त्याच्या बाजूला जाऊन उभं राहिलं की होते.

आधी माणूस पाहू. जन्म २८ एप्रिल १८०१, लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरमधलं श्रीमंत घर, आणि त्या घरात माया नावाची गोष्ट नाही. आईवडील मुलांशी कठोर, जवळजवळ परके. या पोराला जीव लावला तो घरातल्या मारिया मिलिस नावाच्या नोकर बाईनं. तिनं त्याला प्रार्थना शिकवल्या, गोष्टी सांगितल्या, आणि तो शाळेत असतानाच ती वारली. मरताना आपलं सोन्याचं घड्याळ त्याच्या नावे करून गेली. पुढे हा माणूस अर्ल झाला, मंत्र्यासंत्र्यांत वावरला, पण आयुष्यभर खिशात घड्याळ वापरलं ते त्या बाईचंच. ‘माझ्या सगळ्यात जवळच्या माणसानं दिलेलं आहे,’ असं तो दाखवून सांगायचा. दुसरी गोष्ट हॅरोच्या शाळेतली. चौदाएक वर्षांचा असताना टेकडीच्या रस्त्यावर त्यानं एका भणंग माणसाची अंत्ययात्रा पाहिली. खांदेकरी दारू प्यालेले, गाणी म्हणत चाललेले. वळणावर तोल गेला आणि शवपेटी रस्त्यावर आदळली. मागे रडणारं कुणी नाही. गरिबाच्या मढ्यालाही मान नाही हे त्यानं त्या दिवशी पाहिलं आणि ते त्याच्या डोळ्यांसमोरून पुढे कधी हललं नाही. त्या जागी आज पाटी आहे.

१८२६ मध्ये तो वुडस्टॉकमधून टोरी, म्हणजे सनातनी पक्षाचा, म्हणून पार्लमेंटमध्ये गेला. दोन वर्षांनी वेलिंग्टनच्या सरकारात हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलवर त्याची नेमणूक झाली. म्हणजे सार्वजनिक आयुष्याच्या सुरुवातीलाच त्याच्या टेबलावर आपल्या देशाचे कागद होते. पण त्याला ओढून नेलं ते वेड्यांच्या इस्पितळांनी. लंडनच्या खासगी वेडगृहांत गरीब रुग्णांना शनिवारी दुपारी गवताच्या बाजांना साखळ्यांनी जखडत आणि सोमवारी सकाळी सोडत, कारण मधल्या दिवशी नोकरांना सुट्टी. सोडल्यावर थंडीतसुद्धा अंगणात नेऊन गार पाण्यानं धूत. पार्लमेंटच्या चौकशी समितीत हे सगळं त्यानं ऐकलं, आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं, मरेपर्यंत, या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या आयोगात त्यानं काम केलं. यातला बहुतेक काळ तो अध्यक्ष होता. मतं नसलेल्या, बोलताही न येणाऱ्या माणसांसाठी अर्धशतक बैठका घेत बसणं हे राजकारण्याच्या कोणत्या फायद्यात मोडतं? हा प्रश्न मी इथंच ठेवतो, पुढे तो लागणार आहे.

गिरण्यांचा प्रश्न त्याच्याकडे आयता आला. दहा तासांच्या दिवसासाठी पार्लमेंटमध्ये झगडणारा मायकेल सॅडलर १८३२ च्या निवडणुकीत लीड्समधून पडला. त्याला पाडणारा उमेदवार होता मेकॉले, आपल्याकडच्या शिक्षणावर ज्याचं टिपण अजून गाजतं तोच. बिनधन्याची झालेली चळवळ घेऊन जॉर्ज बुल नावाचा पाद्री लंडनला आला आणि ॲशलीच्या दारात उभा राहिला. ॲशलीला उत्तरेकडच्या कापडगिरण्यांची प्रत्यक्ष माहिती नव्हती. त्यानं रात्रभर विचार केला, बायकोला विचारलं. ती म्हणाली, कर्तव्य आहे, पुढे जा. १८३३ चा कायदा त्याच्या मनासारखा झाला नाही, सरकारनं तो आपल्या हातात घेतला, पण त्यानं नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांची दारं बंद झाली, तेरापर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आली, आणि मुख्य म्हणजे चार सरकारी निरीक्षक नेमले गेले. त्याआधीही कायदे होतेच. दार ठोठावून आत जाणारा माणूस नव्हता, म्हणून ते कागदावर राहिले होते.

कोळशाच्या खाणींवरच्या चौकशी आयोगाचा १८४२ चा अहवाल मात्र त्याच्या कामाचा कळस. या अहवालात चित्रं होती, आणि खासदारांच्या घरातल्या बायकांनीही ती पाहिली. कमरेला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळी दोन पायांच्या मधून मागे कोळशाच्या गाडीला बांधलेली, आणि गुराढोरासारखी हातापायांवर रांगत ती ओढणारी मुलगी. स्कॉटलंडमध्ये बायका पाठीवर कोळसा लादून शिड्या चढत. पाच-सहा वर्षांची मुलं हवेसाठीची दारं उघडझाप करायला काळोखात दिवसदिवस बसत. गॉबरच्या खाणीतली सारा गुडर ही आठ वर्षांची मुलगी आयोगाला सांगते की दिवा असला तर मी कधीकधी गाते, पण अंधारात नाही, तेव्हा गायची हिंमत होत नाही. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. ॲशलीनं कॉमन्समध्ये दोन तासांच्या आसपास भाषण केलं, अहवालातली साक्ष तेवढी वाचून दाखवली, आणि सभागृह गप्प झालं. बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे खाणीतून बाहेर निघाले. मुलग्यांसाठी त्यानं मागितली होती ती मर्यादा तेरा वर्षांची. ती शेवटी दहावर आली. लॉर्ड्सच्या सभागृहात विरोध झाला, आणि तिथल्या कित्येकांच्या जमिनीखाली कोळसा होता.

आता विरोधी बाजूचं जे सगळ्यात जड आहे ते मी स्वतःच मांडतो, कारण त्याला बगल देऊन हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. हा माणूस लोकशाहीवादी नव्हता. १८३२ च्या मताधिकाराच्या सुधारणेला त्याचा विरोध, १८६७ च्या सुधारणेला विरोध, गुप्त मतदानाला विरोध. ज्यूंना पार्लमेंटमध्ये बसू द्यावं याला विरोध. कामगार संघटनांविषयी त्याला मनातून भीती. कामगाराला दया मिळावी असं त्याला वाटे, सत्ता मिळावी असं नाही. स्वतः डॉर्सेटचा खासदार असताना त्याच्या वडिलांच्या जमिनीवरचे शेतमजूर पडक्या खोपटांत, भुकेच्या मजुरीवर राहत होते. १८४४ मध्ये रॉचडेलचा गिरणीमालक जॉन ब्राइट यानं भर सभागृहात हेच त्याच्या तोंडावर फेकलं: आमच्या गिरण्यांत डोकावण्याआधी तुमच्या गावचे मजूर बघा. हा घाव खरा होता. टॉलपडलच्या सहा शेतमजुरांना संघ काढल्याबद्दल काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं ते याच डॉर्सेट परगण्यातून, १८३४ मध्ये. आणि १८५० मध्ये दहा तासांच्या कायद्यातल्या पळवाटा बुजवताना त्यानं साडेदहा तासांची तडजोड मान्य केली तेव्हा ज्या कामगारांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच त्याला दगाबाज म्हटलं.

आणि सगळ्यात जड पुरावा तर आपल्याच बाबतीतला आहे. ३० जुलै १८७५ रोजी लॉर्ड्समध्ये हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा विषय काढताना शाफ्ट्सबरीनं मुलांच्या हालांविषयी सांगितलंच, पण त्याबरोबर हेही सांगितलं की हिंदुस्थानात कच्चा माल आहे, मजुरी स्वस्त आहे, आणि तिथल्या मालकांना मजुरांकडून सोळा-सतरा तास काम करून घेऊ दिलं तर आपल्या कारखानदारांवर अन्याय होईल, उद्या मँचेस्टरमध्येच पूर्वेकडचा माल आपल्यापेक्षा स्वस्त विकला जाईल. यावर पांघरूण घालता येत नाही. त्याच सुमारास मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानातली कापडावरची आयात जकात उठवा म्हणून सरकारच्या मागे लागले होते. १८७९ मध्ये ती काही अंशी उठली, १८८२ मध्ये पूर्ण. पुढे १८९६ मध्ये तर हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवला गेला. १८८१ चा फॅक्टरी ॲक्ट आला तेव्हा त्यातून नीळ, चहा आणि कॉफीचे मळे वगळले होते. म्हणजे बहुतांशी हिंदी मालकांच्या गिरण्यांना नियम, गोऱ्या मळेवाल्यांना सूट. अशा वेळी मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांना डाव दिसला तर त्यांना दोष कसा द्यायचा? डाव होताच.

मग? डाव होता हे सिद्ध झाल्यावर पुढचं पाऊल कोणतं, हा खरा प्रश्न आहे, आणि तो त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. लँकेशायरला मुंबईतल्या मुलांचे तास कमी झाल्यानं फायदा होणार होता, मान्य. पण त्या मुलांना तोटा होणार होता का? दोघांचा फायदा एकाच गोष्टीत असेल तर पहिल्याच्या रागापायी दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे कुठलं देशप्रेम? ‘आपला उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, त्याच्यावर बंधनं नकोत’ असं तेव्हा म्हटलं जाई. उद्योग बाळ आहे म्हणून खऱ्या बाळांनी त्याला वाढवायचं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आणि हे काही मुंबईनं नव्यानं शोधून काढलेलं नव्हतं. १८३३ मध्ये लँकेशायरचे मालक हेच रडगाणं गात होते, फक्त तेव्हा मँचेस्टरच्या जागी परदेशी गिरण्यांची भीती होती. १८३७ मध्ये नासॉ सीनियर या नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञानं हिशेब मांडून दाखवला की गिरणीचा सगळा निव्वळ नफा शेवटच्या तासात असतो, तो तास काढला की नफा संपला. १८४७ मध्ये दहा तासांचा कायदा झाला. लँकेशायर बुडालं का? त्यानंतरच्या काही दशकांत तर त्याच्या कापडानं जग व्यापलं.

त्या १८४७ च्या कायद्याची गोष्ट हेतूच्या प्रश्नावर फार उजेड टाकते. १८४६ मध्ये धान्यावरची जकात उठवणारा कायदा झाला. धान्य महाग ठेवण्यात जमीनदारांचा फायदा होता, स्वस्त करण्यात गिरणीमालकांचा. गिरणीमालकांनी गरिबांच्या भाकरीचं नाव घेऊन जमीनदारांना हरवलं. दुसऱ्याच वर्षी चिडलेल्या जमीनदारांनी गरिबांच्या विश्रांतीचं नाव घेऊन गिरणीमालकांवर दहा तासांचा कायदा लादला. दोन्ही बाजूंचे हेतू धुतल्या तांदळासारखे नव्हते आणि मजुराला दोन्ही वेळा लाभ झाला, एकदा भाकरी स्वस्त झाली, एकदा दिवस आखूड झाला. दोन धनदांडगे एकमेकांवर जळतात तेव्हा भिंतीला जी फट पडते तिच्यातूनच गरिबाच्या कामाचे बरेच कायदे आत आलेले आहेत. शुद्ध हेतूची वाट पाहिली असती तर एकही आला नसता. उलट उदाहरण ब्राइटचं घ्या. हिंदुस्थानचा हितकर्ता म्हणून आपल्याकडे त्याचं नाव आदरानं घेतलं जाई. मताधिकाराच्या लढ्यात तो खरा लोकांचा माणूस होता. पण दहा तासांच्या कायद्याला तो शेवटपर्यंत आडवा गेला. भला माणूस चुकीच्या बाजूला आणि सनातनी उमराव बरोबर बाजूला, असं इतिहासात कितीदा तरी घडतं. त्यात ॲशलीचं आणखी एक: धान्याची जकात उठायला हवी असं त्याचं मत झालं, पण आपण शेतीवाल्या डॉर्सेटकडून निवडून आलो आहोत, हे त्यांच्या विश्वासाला धरून नाही, म्हणून त्यानं जानेवारी १८४६ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. तेरा वर्षं ज्या विधेयकासाठी झिजला ते जॉन फील्डन या दुसऱ्या माणसानं, स्वतः गिरणीमालक असलेल्या माणसानं, पार नेलं आणि हा त्या वेळी सभागृहात नव्हता. आज कुणी असा राजीनामा देईल का?

बरं, शाफ्ट्सबरीचं सगळं आयुष्य लँकेशायरच्या पेढीवर चाललं होतं असं म्हणायलाही पुरावा आड येतो. एप्रिल १८४३ मध्ये त्यानं कॉमन्समध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध ठराव मांडला. कंपनी बंगालात अफू पिकवून घेते आणि ती चीनमध्ये जाते, हे एका ख्रिस्ती राष्ट्राला काळिमा आहे असं तो म्हणत होता, आणि तेही चीनशी युद्ध जिंकून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. त्यात कुणा इंग्रज कारखानदाराचा फायदा नव्हता, सरकारी तिजोरीचा तोटा होता. १८७६ मध्ये राणीला ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही पदवी देण्याचं निघालं तेव्हा लॉर्ड्समध्ये विरोधाचा ठराव मांडणारा हाच. आणि ज्या १८७५ च्या उन्हाळ्यात त्यानं मुंबईच्या गिरण्यांवर ते भाषण केलं, त्याच अधिवेशनात तो धुराडी साफ करणाऱ्या मुलांसाठीचं विधेयक नेत होता. १८४० चा कायदा पाळला गेला नाही, १८६४ चाही नाही. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबर्न इथं जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा पोरगा धुराड्यात अडकला, भिंत फोडून त्याला काढलं, आणि थोड्याच वेळात तो गेला. ते धुराडं परगण्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं होतं, म्हणजे ज्या खात्यावर शाफ्ट्सबरी चाळीस वर्षं देखरेख करत होता त्याच खात्यातलं. चौऱ्याहत्तरीला टेकलेल्या म्हाताऱ्यानं हे ऐकून काय सोसलं असेल? त्या वर्षीच्या कायद्यानं परवान्याची सक्ती केली आणि परवाना पोलिसांच्या नजरेखाली आला, तेव्हा कुठे इंग्लंडातली मुलं धुराड्यांतून सुटली. धुराड्यात मँचेस्टरचा कोणता स्वार्थ अडकला होता?

आता मुंबईकडे. १८७५ मध्ये मुंबई सरकारनं गिरण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्यात गिरणीमालकच बसले होते, आणि बहुमतानं निष्कर्ष निघाला की कायद्याची गरज नाही. गरज आहे असं म्हणणारा माणूस लंडनमध्ये नव्हता, इथंच होता. सोराबजी शापुरजी बंगाली, मुंबईचे पारशी समाजसुधारक. त्यांनी १८७८ मध्ये मुलांच्या आणि बायकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा मसुदा स्वतः तयार केला. सरकारनं तो बाजूला सारला. मग त्यांनी तो इंग्लंडला पाठवला, तिथं तो छापून आला, आणि ४ एप्रिल १८७९ रोजी शाफ्ट्सबरीनं हा विषय पुन्हा लॉर्ड्समध्ये आणला. हा क्रम नीट पाहिला तर ‘परकीयांनी लादलेला कायदा’ हे म्हणणं लुळं पडतं. मुंबईच्या माणसाला मुंबईत कुणी ऐकून घेईना, म्हणून त्याचा आवाज सात समुद्र फिरून परत आला.

आणि आलेला कायदा तरी केवढा? सात वर्षांखालच्या मुलांना बंदी. सात ते बारा वयाला रोज नऊ तास, एक तास सुट्टी, महिन्यात चार दिवस रजा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच लागू. बायकांच्या तासांना मर्यादा नाही, मोठ्या पुरुषांना तर काहीच नाही. इंग्लंडात तोवर वयाची अट दहावर गेली होती. लँकेशायरचा मुंबईला बुडवण्याचा कट हा एवढाच असेल तर फारच दुबळा कट म्हणायचा. एवढ्यालाही विरोध झाला.

इथं मला दुसऱ्या बाजूलाही तेवढंच ठासून सांगायचं आहे, की उमरावाच्या करुणेची धाव एवढीच असते. तो कायदा करताना गिरणीत उभ्या असलेल्या एकाही माणसाला विचारलं गेलं नव्हतं. विचारलं ते लोखंड्यांनी. ते सत्यशोधक समाजाचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या वाचल्या की आत काम केलेल्या माणसाची बोटं दिसतात: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर अपघात झाला तर पोटाला भरपाई. पगाराची तारीख शाफ्ट्सबरीच्या कल्पनेत आली नसती. महिना संपला तरी मागचे पैसे गिरणीत अडकून आहेत आणि दारात वाणी नि सावकार उभे आहेत, हे त्याला कसं कळणार? २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. जून महिन्याच्या १० तारखेला गिरणीमालकांच्या संघानं रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्यात वय नवावर गेलं, नऊ ते चौदाच्या मुलांना सात तास झाले, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, साप्ताहिक सुट्टी कायद्यात बसली. सुट्टीचा वार सुद्धा बघा. शाफ्ट्सबरी इतका कडवा ख्रिस्ती की रविवारी टपाल वाटणं बंद करावं म्हणून १८५० मध्ये त्यानं कॉमन्समध्ये ठराव मंजूर करून घेतला, लोकांनी इतका ओरडा केला की काही आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. त्याचा रविवार बायबलातला. आपल्याकडे रविवार खंडोबाचा. वार एकच, येण्याच्या वाटा दोन.

आमच्या पणजोबांची एक गोष्ट घरात सांगितली जाते. सातारकडून आलेला पोरगा, वय आठ, नेमकं माहीत कुणालाच नाही. काकानं हाताला धरून गिरणीत नेला. वय नऊ पाहिजे होतं. डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं आणि दात मोजले. पुढचे दोन दात पडून नवे आलेले होते म्हणून नऊ लागले. तो दुपारपर्यंत काम करायचा आणि मग भोंगा झाला की खोलीवर येऊन पडायचा. आजी हे सांगताना नेहमी एक वाक्य म्हणायची, ‘अर्धा दिवस तरी लेकराला निजायला मिळायचा.’ तो अर्धा दिवस कुठून आला हे तिला माहीत नव्हतं. लंडनच्या कुणा लॉर्डानं मँचेस्टरचा फायदा मनात धरून पहिलं बोट लावलं, एका पारशानं मसुदा लिहिला, एका माळ्यानं सह्या गोळा केल्या, यातलं काहीच तिच्या कानावर नव्हतं. पण समजा कुणी त्या आठ वर्षांच्या पोराला विचारलं असतं की बाबा रे, हा कायदा परक्यानं स्वार्थापोटी आणलाय, तुला हवा का? त्यानं काय उत्तर दिलं असतं?

हे जुनं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा देणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली, आणि त्यावरचा वाद मी वाचतो तेव्हा मला १८७५ चा आयोग परत बसलेला दिसतो. एक म्हणतो, विरोध करणाऱ्या संघटना कुणाच्या तालावर नाचतात हे आम्हाला ठाऊक आहे. दुसरा म्हणतो, सरकार कुणा उद्योगपतीसाठी हे करतंय हे आम्हाला ठाऊक आहे. पुन्हा हेतू, पुन्हा हेतूच. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तशीच आहे, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, हे समर्थकांचे मुद्दे खरे आहेत आणि ते उडवून लावू नयेत. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस मोकळे, हे कुणाला आवडूही शकेल. पण संमतीचा मुद्दा इंग्लंडातही झाला होता. सज्ञान माणूस स्वखुशीनं करार करतो, मध्ये पडणारे तुम्ही कोण, असं अर्थशास्त्राचे पंडित विचारत. आणि मेकॉलेनं, ज्यानं सॅडलरला पाडलं होतं त्याच मेकॉलेनं, मे १८४६ मध्ये दहा तासांच्या विधेयकाच्या बाजूनं उभं राहून त्यांना उत्तर दिलं, की आठवड्यातला एक दिवस विश्रांतीला दिल्यानं आपण गरीब झालो नाही, त्या दिवशी यंत्रांतलं यंत्र जो माणूस, तो दुरुस्त होत असतो. ठेकेदाराकडे तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेला, उद्या नको म्हटलं की परवा गेटबाहेर असणारा पोरगा संमतीच्या कागदावर सही करताना किती स्वखुशीचा असतो, हे चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या गेटवर रात्रपाळी सुटताना उभं राहून पाहावं. बारा तासांत घरापासूनचे जायचे-यायचे दोन-तीन तास मिळवावेत. मग तो कधी जेवतो, कधी झोपतो, पोरांना कधी पाहतो हे त्यालाच विचारावं. शाफ्ट्सबरीनं निदान खाणीत जाऊन आलेल्या माणसांची साक्ष मागवली होती, आणि आपल्या भाषणात ती शब्दशः वाचली होती.

शाफ्ट्सबरी १ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टनला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरण्याचा मान त्यानं आधीच नाकारला होता, गावच्या चर्चमध्ये, सेंट जाइल्सला, जागा सांगून ठेवली होती. याच गावची ती पडकी खोपटं. जहागीर हाती आल्यावर कर्जात बुडालेली असूनही त्यानं मजुरांची घरं बांधायला घेतली, ती पुरी पडली नाहीत, ब्राइटचा टोला पूर्ण फिटला असं मी म्हणणार नाही. ॲबेत प्रार्थना झाली त्या दिवशी लंडनच्या रस्त्यांवर दुतर्फा जी गर्दी होती तिच्यात फुलं विकणाऱ्या मुली होत्या, बूटपॉलिशवाले होते, गरीब मुलांसाठीच्या मोफत ‘रॅग्ड स्कूल’मधली मुलं होती, हातगाडीवर भाजी विकणारे होते. या भाजीवाल्यांनी एकदा त्याला एक गाढव भेट दिलं होतं आणि ते त्यानं मोठ्या मानानं स्वीकारलं होतं. त्यातल्या कुणाला मुंबईचं परळ ठाऊक नव्हतं. परळात त्याच्या आदल्या वर्षीच सह्यांचा अर्ज फिरला होता. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी अंगठे उठवले होते.